कार्व्हरांच्या दप्तरात काय आहे?

शेतीच्या एका प्राध्यापकाने नोकरीवर रुजू झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच संस्थेच्या वित्त समितीकडे तक्रारअर्ज धाडला. आपल्याजवळ वनस्पतींचे मोलाचे नमुने आहेत, पण ते खोक्यांतून बाहेर काढायलाही जागा नाही; उंदीर खोक्यांत शिरून नासधूस करीत आहेत; तेव्हा एखादी बरी खोली मिळावी, अशी त्यातली मागणी होती. त्याच पत्रात असेही म्हटले होते की, आपण येथे फार वर्षे शिकविण्याच्या इराद्याने आलेलो नाही. काम इतरांच्या भरवशावर सोडता येऊ लागले की शिकविणे थांबवून आपण चित्रकलेला वाहून घेणार आहोत. पत्राची तारीख आहे २७ नोव्हेंबर १८९६ आणि खाली सही आहे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची. फार वर्षे न राहण्याचा मानस असलेला हा माणूस पुढे ४६ वर्षे अलाबामा राज्यातील टस्कीगीच्या त्याच संस्थेत राहिला आणि ५ जानेवारी १९४३ रोजी तेथेच वारला.

कार्व्हर यांची मराठी वाचकाला नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुलामगिरीत जन्मलेला हा अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोहोचला. परदेशी शास्त्रज्ञाला मराठी मनात असे घरचे स्थान क्वचितच लाभले असेल. योगायोग असा की, त्याच १९८१ साली अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहास-अभ्यासिकेने लिहिलेले कार्व्हर यांचे चरित्र ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने छापले. ‘शास्त्रज्ञ आणि प्रतीक’ अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक होते. आठवणी आणि आख्यायिका यांच्यापेक्षा कार्व्हर यांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांवर हे चरित्र उभे होते. त्या कागदांत दिसणारा कार्व्हर शाळेच्या पुस्तकांतील धड्यांपेक्षा बराच निराळा आहे. तो लहान आहे का, हा प्रश्न मात्र कागद वाचल्यावर वेगळ्याच तऱ्हेने सुटतो.

हे कागद एका ठिकाणी नाहीत. मोठा साठा टस्कीगीच्या अभिलेखागारात आहे. १९७०च्या दशकात त्याचे चित्रीकरण होऊन मायक्रोफिल्मची ६७ रिळे तयार झाली आणि दूरच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनाही तो पाहता येऊ लागला. संस्थेचे संस्थापक-प्राचार्य बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वॉशिंग्टन यांच्या दप्तराबरोबर अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात गेला. आयोवाच्या कृषी महाविद्यालयातील गुरू लुई पॅमेल यांना लिहिलेली पत्रे आयोवा राज्य विद्यापीठात आहेत. मिसुरीत कार्व्हर यांच्या जन्मस्थळी १९४३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्मारकानेही काही पत्रे जमविली आहेत. कार्व्हर पत्रे लिहिण्यात अखंड रमणारा माणूस होता. लग्न केले नाही, घरसंसार नाही, वसतिगृहातील खोलीत आयुष्य गेले. त्यामुळे मन मोकळे करायचे ते कागदावरच. त्यांच्या चरित्रकारांची त्यामुळे सोय झाली.

चिकणमातीचे शेत

दप्तराचा पहिला भाग समजायला त्या काळचा अलाबामा समजून घ्यावा लागतो. कार्व्हर यांचा जन्म १८६४च्या सुमारास मिसुरीतील डायमंड ग्रोव्ह गावाजवळचा. नेमकी तारीख कुणी नोंदविली नाही, कारण गुलामाच्या पोराच्या जन्माची नोंद ठेवण्याचे कुणाला कारण नव्हते. सिम्पसन महाविद्यालयात चित्रकला शिकत असताना एटा बड या शिक्षिकेने त्यांना वनस्पतिशास्त्राकडे वळविले. १८९१ मध्ये ते एम्स येथील आयोवा राज्य कृषी महाविद्यालयात दाखल झाले. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. त्या महाविद्यालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही. पॅमेल यांच्या हाताखाली त्यांनी बुरशींचा अभ्यास केला होता आणि त्या विषयात त्यांना चांगले भवितव्य होते. वॉशिंग्टन यांनी वर्षाला १००० डॉलर पगार देऊन त्यांना टस्कीगीला बोलाविले, तेव्हा ते हे सारे सोडून आले.

समोर काय होते? कापसाने शोषून घेतलेली, पावसाने धुपून घळी पडलेली जमीन. ती कसणारे बहुतेक लोक पूर्वीचे गुलाम किंवा त्यांची मुले होती. जमीन त्यांची नव्हती. वाट्याने किंवा खंडाने कसायची, बी-बियाणे आणि वर्षभराचे धान्य दुकानदाराकडून उधारीवर आणायचे आणि त्यासाठी उभे पीक गहाण टाकायचे, हा क्रम. दुकानदाराला तारण म्हणून कापूसच हवा. म्हणून पुन्हा कापूस, पुन्हा कर्ज. महाराष्ट्रातल्या कापूस पट्ट्यातील वाचकाला या चक्राचे वर्णन फार सांगायला नको.

अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७ मध्ये टस्कीगीला कृषी संशोधन केंद्र मंजूर केले, पण त्याला वर्षाकाठी दिले अवघे १५०० डॉलर. हॅच कायद्यानुसार प्रत्येक राज्याच्या केंद्राला संघराज्य सरकारकडून वर्षाला १५,००० डॉलर मिळत. अलाबामात ते गोऱ्यांसाठी असलेल्या ऑबर्नच्या केंद्राकडे जात. दहापटीचा हा फरक लक्षात ठेवला तर कार्व्हर यांच्या संशोधनाचे स्वरूप उलगडते. रासायनिक खते विकत घेऊन काय उगवते, हा प्रश्न त्यांच्या शेतकऱ्याला निरुपयोगी होता. खिशात काही नसलेल्या माणसाला या मातीत काय करता येईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दलदलीतला गाळ, रानातला पालापाचोळा, शेणखत, आळीपाळीने पिके घेणे आणि हवेतला नत्र जमिनीत आणणारी द्विदल पिके हे त्यांचे भांडवल. त्यात सुरुवातीचा मान चवळीचा होता. भुईमूग नंतर आला.

या प्रयोगांतून निघालेल्या माहितीपत्रिका हा दप्तरातला सर्वांत भरीव ऐवज. १८९८ मध्ये निघालेली पहिली पत्रिका ओकच्या झाडाखाली फुकट पडणारी एकॉर्न नावाची फळे डुकरांना आणि इतर जनावरांना खाऊ घालण्याविषयी होती. रानात सांडलेले गोळा करा, त्याला पैसा लागत नाही, हा सूर पहिल्याच पत्रिकेत लागला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. त्यांच्या हयातीत अशा चाळीसहून अधिक पत्रिका निघाल्या. १९०३ मध्ये चवळी आली, १९०५ मध्ये झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्यात हे आले. १९११ मध्ये आसपासच्या टेकड्यांतल्या रंगीत मातीने घरांना रंगसफेदी कशी करावी, यावर एक पत्रिका निघाली. भोवतालची घरे किती कळाहीन होती आणि रंगाचा डबा विकत घेणे कुणालाच कसे परवडत नव्हते, हे त्या एका विषयावरून कळते. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, त्यांनी खाण्याजोग्या रानभाज्यांवर लिहिले. प्रत्येक पत्रिकेत शेतकऱ्याला लागवडीची माहिती, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शास्त्र आणि गृहिणीला पाककृती, अशी तिहेरी सोय असे. शेतीखात्याच्या पत्रिकेत स्वयंपाकाला जागा देण्याचा शहाणपणा आजही सर्वत्र दिसत नाही. खाणारे तोंड तयार नसेल तर नवे पीक शेतात टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

यातील सर्वांत गाजलेली पत्रिका ३१ क्रमांकाची, १९१६ची. भुईमूग कसा पिकवावा आणि माणसाच्या आहारात तो आणण्याचे १०५ प्रकार कोणते, हा तिचा विषय. भाजीत दाण्याचे कूट आणि उपवासाला दाण्याची आमटी करणाऱ्या मराठी घराला त्यातल्या कित्येक पाककृतींचे नवल वाटणार नाही. मात्र एक गोष्ट नजरेत भरण्यासारखी आहे. या पाककृती आपण कोणकोणत्या मासिकांतून आणि पाकशास्त्राच्या पुस्तकांतून घेतल्या, त्यांचे ऋण कार्व्हर यांनी पत्रिकेतच मानले आहे. आपण त्या शोधल्या, असा दावा तेथे नाही. तो दावा इतरांनी नंतर केला.

छापील कागद निरक्षर माणसापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शाळाच चाकांवर घालण्याची कल्पना पुढे आली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून १९०६ मध्ये घोडागाडी तयार झाली. तिचा आराखडा कार्व्हर यांनी काढला. गाडीतून अवजारे, बियाणी, लोणी काढण्याची साधने घेऊन प्रात्यक्षिके गावोगाव जाऊ लागली. कार्व्हर यांचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल यांची त्याच वर्षी अमेरिकी कृषी खात्याने नेमणूक केली; त्या देशात कृषी विस्ताराच्या कामावर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी.

कोंबड्यांचा हिशेब

चरित्रांतून सहसा गाळला जाणारा भाग वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या पत्रव्यवहाराचा. तो वाचताना प्रथम अवघडल्यासारखे होते. दोघेही गुलामगिरीत जन्मलेले, दोघांचेही ध्येय एक आणि दोघांचे पटत मात्र नव्हते. वॉशिंग्टन काटेकोर प्रशासक होते. संस्थेचा रुपया न् रुपया गोऱ्या देणगीदारांकडून यायचा आणि त्यांना अंगणातला कचराही दिसता कामा नये, अशी त्यांची नजर असे. कार्व्हर यांच्याकडे अध्यापन, संशोधन केंद्र, संस्थेची शेती, जनावरे, परिसराची निगा, समित्यांच्या बैठका अशी कामांची रास. त्यात कुक्कुटपालनाचीही भर पडली आणि ठिणगी तेथेच पडली. १९०४ मध्ये संस्थेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा कोंबड्यांच्या अहवालांत दिलेले आकडे आणि प्रत्यक्षातील कोंबड्या यांचा मेळ बसला नाही. आकडे फुगविले गेले होते. कार्व्हर यांनी प्राचार्यांना लिहिलेल्या उत्तरात दुखावलेला स्वाभिमान ओसंडून वाहतो. आपल्याला खोटारडे ठरविले गेले, हे आपण सहन करू शकत नाही, असे सांगून त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखविली. राजीनाम्याची ही भाषा पुढेही वारंवार आली; प्रत्यक्षात राजीनामा कधी दिला गेला नाही.

जॉर्ज ब्रिजफोर्थ नावाचे सहकारी याच काळात पुढे आले. व्यवस्थापनात ते सरस होते आणि ते लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१०च्या फेररचनेत शेती विभागाची सूत्रे ब्रिजफोर्थ यांच्याकडे गेली आणि कार्व्हर यांना संशोधन विभाग व प्रयोगशाळा मिळण्याचे आश्वासन मिळाले. प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी त्यांना पुन:पुन्हा लिहावे लागले. फेब्रुवारी १९११ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यांना लिहिलेले दीर्घ पत्र या साऱ्या संघर्षाचा कळस म्हणता येईल. शिक्षक म्हणून, वक्ता म्हणून, तरुणांना आणि म्हाताऱ्यांनाही प्रेरणा देणारा म्हणून तुमची बरोबरी करणारे फार थोडे. मात्र वर्गांची आखणी आणि शेतीतून पैशाच्या रूपात दिसणारे फळ यांत तुम्ही कमी पडता, असा त्याचा आशय. मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाचे इतके नेमके आणि निर्दय मूल्यमापन क्वचितच लिहून ठेवले असेल.

यात बरोबर कोण, हे ठरविण्याची घाई करू नये. वॉशिंग्टन यांचे म्हणणे खरे होते. कार्व्हर यांचीही बाजू खरी होती; एका माणसावर चार माणसांचे काम लादून वर अंड्यांचा हिशेब मागितला जात होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांचे निधन झाले तेव्हा भांडणाचा मनस्ताप विसरून कार्व्हर कित्येक दिवस शोकात बुडून गेले.

शेंगदाण्याची तीनशे रूपे

आता आख्यायिकेच्या गाभ्याकडे. कार्व्हर यांनी शेंगदाण्यापासून ३०० आणि रताळ्यापासून १०० हून अधिक पदार्थ शोधले, पीनट बटरही त्यांचेच आणि दक्षिण अमेरिकी संस्थानांची बुडालेली शेती त्यामुळे तरली, असे जगभर सांगितले गेले. दप्तर उघडले तर काय दिसते?

पीनट बटरचे उत्तर सोपे आहे. कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट १८८४ मध्ये घेतले होते. त्या वेळी कार्व्हर शाळा-कॉलेजसाठी गावोगाव भटकत होते. कार्व्हर यांनी घेतलेली पेटंटे तीनच, १९२५ ते १९२७ दरम्यानची. एक सौंदर्यप्रसाधनाचे, दोन रंगांचे. व्यापारात त्यांपैकी एकालाही यश आले नाही. त्यांच्या नावाने १९२३ मध्ये निघालेली कंपनीही चालली नाही.

तीनशे पदार्थांची यादी मात्र आहे. तिच्यात खारे दाणे आहेत, दाण्याची चिक्की म्हणावी असे गोड पदार्थ आहेत आणि कापडाचे ३०, तर कातड्याचे १९ रंग स्वतंत्र पदार्थ म्हणून मोजलेले आहेत. यादी आहे, पण ते पदार्थ कसे करावेत, हे सांगणाऱ्या प्रयोगवह्या नाहीत. किती दाणे, कोणते द्रावण, किती तापमान, किती उत्पन्न, खर्च किती, यांपैकी काही नाही. विचारणा करणाऱ्यांना त्यांनी दिलेली उत्तरे मोघम असत. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या बाबतीत प्रयोगवह्यांचा अभाव अपघात मानता आला असता. पत्राच्या प्रती आणि कात्रणे जपणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो अपघात म्हणणे जड जाते.

भुईमुगाच्या प्रसाराचे श्रेयही तपासून पाहावे लागते. मेक्सिकोतून आलेल्या बोल वीव्हिल नावाच्या सोंडकिड्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दक्षिणेतला कापूस उद्ध्वस्त केला. आपल्याकडील बोंडअळीहून हा किडा वेगळा, पण परिणाम तोच. पर्याय म्हणून शेतकरी भुईमुगाकडे वळले, पहिल्या महायुद्धात तेलाची मागणी वाढली आणि पेरा झपाट्याने पसरला. हे घडले तेव्हा कार्व्हर यांचे नाव मॅकन काउंटीच्या बाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. अलाबामातील एंटरप्राइज गावाने भुईमुगाने दिलेल्या समृद्धीबद्दल डिसेंबर १९१९ मध्ये स्मारक उभारले, ते या किड्याचे.

कार्व्हर प्रसिद्धीच्या झोतात आले ते त्यानंतर, जानेवारी १९२१ मध्ये. परदेशी शेंगदाण्यावर आयात कर बसावा, म्हणून भुईमूग उत्पादकांच्या संघटनेने त्यांना वॉशिंग्टन शहरी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे केले. दहा मिनिटांची वेळ होती. समितीतल्या एका सदस्याने कृष्णवर्णीयांविषयीची कलिंगडाची कुत्सित थट्टा करून पाहिली. कार्व्हर यांनी हसतमुखाने ती परतवली आणि खोक्यातून एकेक बाटली काढत राहिले. सदस्यांनी वेळ वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली. १९२२च्या कायद्यात शेंगदाण्यावर कर बसला. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाला आपला प्रवक्ता म्हणून पुढे करावे, हे वर्णभेदाच्या त्या दिवसांत साधे नव्हते. आख्यायिका तेथून पसरली आणि तिला खतपाणी घालणारे अनेक होते. शेंगदाण्याच्या उद्योगाला जाहिरात हवी होती. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना आपल्याकडे कृष्णवर्णीयही कसा पुढे येतो, हे दाखवायला राजकारण न करणारा, नम्र माणूस हवा होता. कृष्णवर्णीय समाजाला गुणवत्तेचा पुरावा हवा होता आणि धर्मोपदेशकांना देवभक्त शास्त्रज्ञ. कार्व्हर यांनी ही रूपे नाकारली नाहीत, हेही नमूद करायला हवे. वर्तमानपत्रातील अतिशयोक्ती त्यांनी क्वचितच दुरुस्त केली.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमधील व्याख्यानात, प्रयोगशाळेत आपण पुस्तके नेत नाही, ईश्वरच मार्ग दाखवितो, असे ते बोलले. खरे शास्त्रज्ञ असे बोलत नाहीत, असा अग्रलेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिला. कार्व्हर यांनी त्याला दिलेले उत्तर मननीय आहे. स्फूर्ती आणि माहिती यांत विरोध नाही, असे सांगून त्यांनी आपण अभ्यासलेल्या ग्रंथकारांची आणि शास्त्रज्ञांची नावेच्या नावे दिली. व्यासपीठावरचा भक्त आणि टेबलावरचा अभ्यासक, दोघे एकाच देहात कसे नांदत होते, हे त्या एका पत्रात दिसते.

एक अहवाल कपाटात

कागद तपासणाऱ्यांनाही आख्यायिकेचे दडपण कसे जाणवले, याची एक कथा आहे. कार्व्हर यांच्या शास्त्रीय कार्याचे मूल्यमापन करण्याचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने मिसुरी विद्यापीठातील विल्यम कॅरोल आणि मर्ल म्युरर या प्राध्यापकांना दिले. १९६२ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. माणसाविषयी आदर राखूनच, पण मूलभूत वैज्ञानिक शोध म्हणावे असे फारसे हाती लागत नाही, हा त्यातला निष्कर्ष. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. गैरसमज होईल, या भीतीने अधिकाऱ्यांनी अहवाल प्रसिद्ध न करणेच पसंत केले. ही हकिकत बाहेर आली ती त्याच सेवेतील इतिहासकार बॅरी मॅकिन्टॉश यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या लेखातून. हेतू चांगला असेलही. पण एका कृष्णवर्णीय माणसाचा मान खरे सांगितल्याने ढळेल, या समजुतीत त्या माणसाबद्दल विश्वास कमीच होता.

मॅकमरी यांनी आणि त्यानंतर २०११ मध्ये कार्व्हर यांच्यावर पुस्तक लिहिणारे पर्यावरण-इतिहासकार मार्क हर्सी यांनी याच कागदांतून पुढची वाट काढली. तीनशे पदार्थ बाजूला ठेवले तर पहिल्या वीस वर्षांतल्या पत्रिका, प्रयोगशेतीचे अहवाल, गाडीचा आराखडा आणि शेतकऱ्यांच्या मेळाव्यांच्या नोंदी उरतात. रासायनिक खतांचा सर्वत्र उदोउदो होत असताना जमिनीतील सेंद्रिय द्रव्य वाढविण्याची आणि जवळ उपलब्ध असेल तेच वापरण्याची शिकवण त्यांत आहे. १९०५ मध्ये ती मागासलेली वाटली असेल. सेंद्रिय शेतीवरची आजची पुस्तके चाळणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. अर्थात, वाट्याने शेती करणाऱ्याला जमीनच स्वत:ची नसल्याने पाच वर्षांनी सुधारणाऱ्या मातीत त्याने आज घाम का गाळावा, या प्रश्नाला पत्रिकांत उत्तर नाही. मॅकन काउंटीची गरिबी त्यांनी हटली नाही. हेही दप्तरच सांगते.

सर्वांत जास्त गर्दी आहे ती इतरांनी कार्व्हर यांना लिहिलेल्या पत्रांची. १९३३च्या डिसेंबरमध्ये, पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना ते शेंगदाणा तेलाने मालीश करतात आणि गुण येतो, अशी बातमी देशभर छापून आली. टस्कीगीला पत्रांचा आणि माणसांचा पूर लोटला. गुण येत असलाच तर तो तेलाचा नसून मालिशीचा, असे वैद्यकाचे म्हणणे पडले. पण इलाज संपलेल्या आईबापांना हा फरक कुठे कळायचा? त्यांतले कित्येक गोरे होते. ज्या प्राध्यापकाला ते एरवी आपल्या घरात पुढच्या दाराने घेतले नसते, त्याला विनवीत होते. गोऱ्या महाविद्यालयीन तरुणांशी त्यांनी वर्षानुवर्षे केलेला पत्रव्यवहारही याच गठ्ठ्यांत आहे. या मुलांना ते आपली लेकरे मानत. भारताचा धागाही येथे सापडतो: दीनबंधू अँड्र्यूज टस्कीगीला जाऊन आले आणि त्यांच्या ओळखीतून महात्मा गांधींच्या आहारासंबंधी कार्व्हर यांनी सूचना आणि आपल्या पत्रिका पाठविल्या.

चित्रकलेसाठी नोकरी सोडण्याचा १८९६ मधला बेत मात्र तसाच राहिला. टस्कीगीतील कार्व्हर संग्रहालयाला १९४७ मध्ये आग लागली आणि तेथील ४८ चित्रांपैकी तीनच वाचली. त्यांत युक्का आणि निवडुंगाचे, १८९३च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेलेले चित्र आहे.

आणि ज्या नमुन्यांवर उंदीर तुटून पडल्याची तक्रार होती, तशा नमुन्यांचे काय? बुरशींची आवड कार्व्हर यांना शेवटपर्यंत सुटली नाही. अलाबामात त्यांनी गोळा केलेल्या बुरशींवरून एलिस आणि एव्हरहार्ट या तज्ज्ञांनी १९०२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नव्या जाती नोंदविल्या. १९३५ मध्ये कृषी खात्याने त्यांना वनस्पतिरोगांच्या पाहणीसाठी सहकारी नेमले. त्यांनी पाठविलेले नमुने बेल्ट्सव्हिल येथील राष्ट्रीय बुरशी संग्रहात जपलेले आहेत. सिल्व्हर मेपल या झाडाच्या पानांवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी त्यांनी हुडकली. ॲना जेंकिन्स यांनी १९३९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले टॅफ्रिना कार्व्हेरी.